एक्केचाळीस किलो

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. माझा विश्वास टेपवर आणि वजनकाट्यावर.

गोची अशी झाली की हे सगळं मला टेपनेच दाखवलं. आणि काट्याने.

त्यामुळे "भास झाला असेल" असं म्हणून सुटायची सोयच राहिली नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. मार्चमधला दुसरा रविवार, सकाळचे सव्वासहा. जागा माझं गॅरेज. एकच शटर, पांढरी फरशी, दोन स्टँड, भिंतीला हत्यारांचा फळा. निम्म्या जागेत मी, निम्म्यात काका. काका म्हणजे गाड्यांच्या टाक्या रंगवणारे. साठीचे आहेत, पण रंगाची रेघ ओढताना हात अजून दगडासारखा स्थिर.

माझं काम सस्पेन्शनचं, म्हणजे गाडीचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा जुळवायचं. त्याआधी नऊ वर्षं मी एका रेसिंग टीममध्ये मेकॅनिक होतो. तेव्हापासून सगळे मला 'स्प्रिंग' म्हणतात. रागावली की बायकोसुद्धा.

त्या सकाळी माझे भावोजी त्यांची नवी गाडी घेऊन आले.

भावोजी दातांचे डॉक्टर. सत्तेचाळीस वर्षांचे. आयुष्यभर लोकांच्या तोंडात वाकून बघितलं, आणि हौस काय, तर त्याहून जास्त वाकायला लावणारी मोटारसायकल! रेसची गाडी उचलावी, तिला आरसे आणि नंबरप्लेट लावावी आणि रस्त्यावर सोडावी, तसली. हजार सीसी. हँडल खाली, पाय मागे, छाती टाकीवर. पहिल्या गिअरमध्येच शंभर ओलांडते. किंमत मी लिहीत नाही, कारण ताईला अजून खरी माहीत नाही.

गाडी सेकंडहँड होती. दोन वर्षांची, जेमतेम चार हजार किलोमीटर चाललेली. रंग मोत्यासारखा पांढरा. कुठे ओरखडा नाही, पडल्याची खूण नाही. मी खालून बॅटरी मारून मारून बघितलं. फ्रेम सरळ. अपघात झालेली गाडी मला कळते, ही झालेली नव्हती.

फक्त मागची सीट काढून तिथे फायबरचं कव्हर बसवलेलं होतं. मागे बसणाऱ्याचे फुटरेस्टही काढलेले. म्हणजे गाडीवर एकच माणूस बसणार. दुसऱ्याला टेकायलाही जागा नाही.

"तुझ्या हातून सेट झाली की खरी माझी झाली," भावोजी म्हणाले.

हे काम तसं सोपं. मालक पूर्ण पोशाखात गाडीवर बसतो. मागची स्प्रिंग किती दबली ते टेपने मोजायचं. पस्तीस मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. जास्त आलं तर स्प्रिंग कडक करायची, कमी आलं तर सैल.

काकांनी पुढून हँडल धरलं. भावोजी बसले. मी टेप लावला.

चोपन्न.

पुन्हा मोजलं. चोपन्न.

"वजन वाढलंय तुमचं," मी म्हणालो.

"चौऱ्याहत्तर. काल सकाळी केलंय. ताईला विचार, ती पहाऱ्याला उभी असते."

मी स्प्रिंग तपासली. ठीक. तेल ठीक. भावोजी उतरले की गाडी अगदी हवी तेवढी वर यायची. बसले की… जास्त दबायची.

माझ्याकडे टीममधला एक जुना काटा आहे. दोन जाड पत्रे, एकेका चाकाखाली ठेवायचे, आणि वायरीने जोडलेला आकड्यांचा डबा. मी नुसती गाडी वर घेतली. दोनशे एक. भावोजींना पोशाखासकट वेगळं उभं केलं. ब्याऐंशी.

मग त्यांना गाडीवर बसवलं.

दोनशे त्र्याऐंशी यायला हवं होतं.

आलं… तीनशे चोवीस.

एक्केचाळीस किलो जास्त.

"तुझा काटा म्हातारा झालाय," भावोजी हसले आणि उतरले. हेल्मेट काढत बाहेरच्या नळावर गेले.

मी डब्याकडेच बघत होतो.

दोनशे बेचाळीस.

भावोजी नळाशी पोचले होते. गाडीला कुणाचा हात नव्हता, फक्त काकांनी दोन बोटांनी हँडल तोललं होतं. आणि आकडा तिथेच अडकलेला.

मग… सावकाश…

दोनशे एक.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "डॉक्टर तर मघाशीच उतरले," ते हळूच म्हणाले. "मग गाडी आत्ता का उठली रे?"

मी डब्याची वायर काढून पुन्हा लावली.

आता जे सांगतो, त्याची मला आजही लाज वाटते. मेकॅनिकने आकड्याशी भांडायचं नसतं, अशी माझी सवय. काटा तीनशे चोवीस म्हणतोय ना, मग त्या हिशेबाने चल. मी पाना घेतला आणि मागची स्प्रिंग कडक केली. एकशे तेवीस किलोंना पुरेल इतकी.

म्हणजे दोघांना.

मी स्वतःच्या हाताने त्या गाडीवर दोघांची सोय करून दिली.

भावोजी चक्कर मारून आले ते उड्या मारतच. "अरे, काय जादू केलीस! लोण्यासारखी वळते!"

ते खरंच होतं. तेच तर वाईट होतं.

पुढचे दोन-तीन रविवार ते पहाटे निघायचे आणि नऊला परत यायचे. वाटेत गॅरेजवर चहाला थांबायचे. एकदा कप हातात घेऊन सहज म्हणाले, "ब्रेक जोरात मारला की गंमत होते. मागे बसलेला माणूस कसा पुढे सरकतो आणि टाकीवर हात टेकवून स्वतःला सावरतो, तसं काहीतरी वाटतं."

"मागे कोण बसणार? जागा कुठे आहे?"

"तेच तर." ते हसले. पण कप तोंडाला लावायचं विसरले.

त्यांच्या टाकीवर पॉलिश करताना काकांनी मला हाक मारली. ते तिरपं बघून टाकी तपासतात, तसे वाकले होते. मीही वाकलो.

टाकीच्या दोन्ही बाजूंना… तळहाताचे ठसे.

उघड्या हाताचे. लहान. बोटं पुढच्या दिशेला.

भावोजी हातमोज्यांशिवाय गाडीला हात लावत नाहीत. आणि चालवणाऱ्याचे हात हँडलवर असतात.

काकांनी फडकं फिरवलं. त्या दिवसापासून गाडी आली की ते चहा आणायला जायचे.

एप्रिलच्या शेवटी ताईचा फोन आला. माझी ताई रडणाऱ्यातली नाही. आई गेली तेव्हा सगळ्यांना जेवायला वाढून मग आतल्या खोलीत जाऊन रडलेली बाई आहे ती. पण त्या दिवशी आवाज कापत होता.

"अरे, ह्यांना काय झालंय?"

"का? काय झालं?"

"टेकून बसत नाहीत. सोफ्यावर नाही, जेवायच्या टेबलाशी नाही. खुर्चीच्या अगदी कडेला बसतात. मागे… जागा सोडून."

मला काट्यावरचा आकडा आठवला.

"पाठ दुखत असेल," मी म्हणालो.

"मलाही तसंच वाटलं. पण काल सकाळी ते आले, गाडी बंद केली आणि तसेच बसून राहिले. मी दार धरून उभी. म्हटलं, या ना आत, काय झालं? तर मला म्हणाले, थांब जरा, उतरू दे."

"त्यांना स्वतःला उतरायचं असेल."

"ते नंतर उतरले रे."

फोनमध्ये तिच्या घरातला मिक्सर ऐकू येत होता. कुणीतरी चालू ठेवून विसरलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी गाडीच्या सर्व्हिस बुकातला पत्ता शोधून पहिल्या मालकाकडे गेलो. तो विमानाचा पायलट. पाचवा मजला, दुपारचे चार. लिफ्टमध्ये मी मनातल्या मनात सगळी गोष्ट जुळवून टाकली होती. ह्याची बायको मागे बसायची. काहीतरी झालं असणार. ती गेली, ह्याने सीट काढली, गाडी विकली. विचारायचं कसं, एवढंच काय ते ठरायचं होतं.

दार उघडलं ते त्याच्या बायकोनेच.

चांगली धडधाकट. केसांना डाय लावलेला, खांद्यावर जुना टॉवेल.

मी गाडीचं नाव काढलं, तशी तिने टॉवेल घट्ट धरला. "अहो," तिने आत हाक मारली, "त्या गाडीबद्दल आलेत."

पायलट बाहेर आला. उंच, गंभीर. मी म्हटलं, माझे भावोजी ती चालवतात. त्याने मला बसायलाही सांगितलं नाही. एकच प्रश्न विचारला.

"ते घरी खुर्चीत कसे बसतात?"

मी काही सांगायच्या आधी हे विचारलं त्याने.

मग आम्ही तिघं बसलो. बोलली ती जास्त.

"आम्ही नवीकोरी घेतली होती. मी एकदाच मागे बसले. दिवसाढवळ्या, रविवारी. गावाबाहेर पडलो तोवर सगळं ठीक. मग मला वाटलं, माझ्या कमरेला कुणीतरी धरलंय."

"तुमच्या? म्हणजे तुमच्याही मागून?"

"हो."

"तिथे तर वीतभरही जागा नसते."

"मला सांगताय?" ती जवळजवळ ओरडलीच. मग आवाज खाली आणला. "ह्यांनी ब्रेक मारला. मी पुढे सरकले, टाकीवर हात टेकवले. आणि खाली बघितलं, तर… चार हात होते. दोन माझे, हातमोज्यातले. आणि दोन माझ्या काखेतून पुढे आलेले. उघडे."

तिने टॉवेल तोंडाला लावला.

पायलट म्हणाला, "मी सीट काढली. म्हटलं, बसायला जागाच नको. पण मग ते मला धरून बसायला लागलं. घट्ट. आणि एक दिवस मी उतरलो, तेव्हा… माझ्याबरोबर उतरलं."

"मग सुटलात कसे?"

"ठरवून नाही सुटलो. विकायच्या दिवशी मी गाडी चालू ठेवूनच उतरलो. दलालाचा माणूस लगेच बसला. तेव्हाच पाठ हलकी झाली. तो माणूस काय झाला, मी चौकशी केली नाही." त्याने मान खाली घातली. "तुमच्या भावोजींना शोधून सांगायला हवं होतं. पण काय सांगणार होतो? तुम्ही ऐकून घेतलं असतंत?"

"कोण आहे ते?"

"माहीत नाही. नवी गाडी होती. पेटीतून माझ्यासमोर काढली. तिच्यावर माझ्याआधी कुणी बसलेलं नाही."

दाराशी बाई एवढंच म्हणाली, "हात लहान आहेत हो. मला सगळ्यात भीती त्याचीच वाटते."

रविवारी मी भावोजींना साडेसहाला गॅरेजवर बोलावलं. दीड महिन्यात माणसाचा चेहरा उतरला होता. डोळ्यांखाली काळं. मी बसायला स्टूल दिलं, ते कडेला बसले. एवढ्याशा स्टुलाच्याही कडेला.

"काट्यावर या जरा."

"कशाला?"

"या तर."

ते पोशाखासकट पत्र्यावर उभे राहिले.

एकशे तेवीस.

भावोजींनी आकडा वाचला. मला वाटलं, काट्याची चेष्टा करतील. ते रडायला लागले. सत्तेचाळीस वर्षांचा, दाढी पिकलेला माणूस, रेसिंगच्या चामडी सूटमध्ये उभा राहून हुंदके देत होता.

"मला वाटलं मला वेड लागतंय," ते म्हणाले. "झोपतानाही पाठीला असतं रे. मी कूस बदलत नाही. त्याला… चिरडेन असं वाटतं."

मी त्यांना सांगितलं काय करायचं ते. गाडीवर बसा. चालू करा. चालूच ठेवून उतरा.

"आणि मग कोण बसणार?"

"मी."

"नाही. अजिबात नाही. तुझी ताई मला घरात घेणार नाही."

"भावोजी, स्प्रिंग मी कडक केली होती. बसा."

ते बसले. इंजिन सुरू झालं. ते उतरले. मी पाय टाकला आणि बसलो.

गाडी माझ्या वजनाने दबली.

मग… पुन्हा एकदा दबली.

मागे कव्हर होतं. निसरडं, उतरतं. तरीही माझ्या बरगड्यांभोवती काहीतरी आवळलं गेलं. थंड नव्हतं, लोक सांगतात तसं. कोमट होतं.

समोर भावोजी स्टुलावर बसले. मागे सरकले. पाठ भिंतीला टेकवली आणि डोळे मिटले. अर्ध्या मिनिटात माणूस घोरायला लागला.

मी क्लच सोडला.

कुठे जायचं ते ठरलेलं होतं. तीस किलोमीटरवर विमानांची एक जुनी धावपट्टी आहे, कित्येक वर्षं बंद. टीममध्ये असताना आम्ही तिथे गाड्या पळवून बघायचो. भोवती माणसाचं घर नाही. तिथे न्यायचं, उतरायचं आणि दुसऱ्या कुणाला बसूच द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

हायवेवर मी जोरात निघालो. लवकर उरकायचं होतं. ऊन पडलं होतं, रस्ता मोकळा. एका वळणाआधी ट्रक आडवा आला आणि मी ब्रेक दाबला.

टाकीवर… दोन हात आले.

माझे दोन्ही हात हँडलवर होते.

लहान हात. पांढऱ्या रंगावर सावळे. नखं कुरतडलेली, अगदी मांसापर्यंत. आणि ते टाकीवर इतके दाबले होते की बोटांची टोकं फिकी पडली होती.

मी नऊ वर्षं रेसच्या गाड्यांमध्ये काढली आहेत. गाडीवर माणूस घाबरला की त्याचे हात कसे होतात, ते मला माहीत आहे.

ते मला पाडायला बघत नव्हतं.

ते घाबरलेलं होतं.

माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "हळू घेतो, हळू घेतो."

आणि बरगड्यांभोवतीची पकड… सैल झाली.

उरलेला रस्ता मी चाळीसच्या वर गेलो नाही. दोनशेच्या पुढे पळणारी गाडी, आणि मला स्कूटरवाले मागे टाकत होते. माझे डोळे सारखे पाझरत होते. भीतीने की कशाने, मला सांगता येत नाही.

धावपट्टीच्या मध्यावर गाडी उभी केली. न्यूट्रल टाकला. स्टँड लावला. इंजिन चालू ठेवलं आणि उतरलो.

मागचा भाग वर यायला हवा होता. आला नाही. ते मला टेपशिवायही दिसतं.

मी पाठ फिरवली आणि चालायला लागलो. मागे वळून बघायचं नाही, असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण मी बघितलं नाही.

इंजिन एका लयीत चालू होतं.

मग बंद पडलं.

आणि मग… पावलं.

अनवाणी. तापायला लागलेल्या सिमेंटवर. पट, पट, पट. माझ्या मागे दहा-बारा पावलं आली.

थांबली.

मी पळालो नाही. पळालो असतो तर बरं झालं असतं. मी नुसता चालत राहिलो, शाळेच्या फाटकाशी एखाद्या पोराला सोडून निघावं तसा.

हायवेच्या फाट्यावरून मी काकांना फोन केला. नऊ वाजता ते टेम्पो घेऊन तिथे आले. आम्ही दोघं गाडी आणायला गेलो. टाकी अर्धी भरलेली होती. इंजिन बंद पडायचं काही कारण नव्हतं. गॅरेजमध्ये आणून वजन केलं. दोनशे एक. मी बसलो, काका बसले. बरोबर जेवढं यायचं तेवढंच.

भावोजी आता ठणठणीत आहेत. गाडीचं नाव काढत नाहीत. ती मी पूर्ण सुटी करून खोक्यांत भरून ठेवली आहे. ताईला एवढंच सांगितलं की भावोजींची हौस फिटली. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तू बरा आहेस ना?" मी हो म्हटलं.

हे इतक्या दिवसांनी लिहितोय, त्याला कारण आहे.

परवा एका बाइक क्लबचा फोन आला. येत्या रविवारी त्यांनी त्याच धावपट्टीवर दिवसभराचा सराव ठेवलाय. चाळीस गाड्या येणार, सगळ्या तसल्याच, महागड्या आणि वाऱ्यासारख्या. सस्पेन्शन बघायला मला बोलावलंय. मी म्हटलं, जागा बदला. त्याने विचारलं, का? मी म्हटलं, सिमेंट उखडलंय, घसरायला होईल. तो हसला. आम्ही स्वतः झाडून आलो, म्हणाला, आरशासारखं आहे.

खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

आता मी सगळ्यांच्या आधी, पहाटेच तिथे जाऊन थांबायचं ठरवलंय. जाऊन काय करणार, ते मला ठाऊक नाही. चाळीस जणांना कसं अडवणार? आणि अडवून तरी कुणाला वाचवणार?

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. भीती वाटते म्हणून नाही. वर्षभर ते त्या उघड्या सिमेंटवर एकटंच असेल का, हाच विचार डोक्यातून जात नाही.